पुढे उतरणारा दिवा

मी एक दिवा आहे. लोखंडाचा, तळहाताएवढ्या वाटीचा, वर आकडा असलेला. इतर दिव्यांचं काम जळायचं असतं. माझं काम विझायचं होतं. ऐकून नवल वाटेल, म्हणून सावकाश सांगतो. मला घाई नाही. भिंतीवर टांगलेल्याला कसली घाई?

मोन्फेर्रातोच्या टेकड्यांवर गार्बारोलो नावाचं वाइन करणारं घराणं आहे. आज त्यांचे दोन मळे आहेत, एक टेकडीवर, एक लांब समुद्राकाठी. मी जन्मलो तेव्हा एवढा पसारा नव्हता. एक घर, एक गोठा, उतारावर बार्बेरा द्राक्षांच्या ओळी आणि घराखाली दगडी तळघर. घरधनी होता एवाझिओ. लग्नाच्या वर्षी त्याने एका झिजलेल्या कुदळीचं पातं लोहाराकडे नेलं आणि म्हणाला, "याचा दिवा करून दे. देखणा नको. हातातून पडला तरी फुटू नये, एवढंच बघ."

लोहार हसला. "नव्या नवरीला असा ओबडधोबड दिवा दाखवणार होय?"

"ओबडधोबड बघायला तिला मी आहे की! हा तळघरासाठी हवाय."

असा मी झालो. कुदळीचं पातं होतो तेव्हा जमिनीत उतरायचो, दिवा झालो तरी जमिनीतच उतरायचं होतं.

ऑक्टोबरात द्राक्षं तुडवून टाक्या भरल्या की विस्तवाशिवाय रस उकळू लागतो. दिवसरात्र बुडबुडतो. त्यातून एक जड हवा निघते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि तळाशी साचून राहते. एवाझिओ म्हणायचा, "रस श्वास घेतोय. त्याने घेतला की आपल्याला उरत नाही." त्या हवेत माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

म्हणून माणसाच्या आधी मी उतरायचो. माझ्या वाटीत अक्रोडाचं तेल घालायचं, वात पेटवायची, आकड्याला साखळी लावून मला गुडघ्याच्याही खाली धरायचं. एक पायरी उतरायची आणि थांबायचं. ज्योत ताठ राहिली तर पुढची पायरी. ज्योत आखडली, विझली, तर मुकाट्याने मागे फिरायचं, दारं-झरोके उघडायचे आणि मक्याच्या पिठाची पोलेंता खाऊन मग यायचं. "चल गड्या, तू पुढे," असं एवाझिओ दर वेळी म्हणायचा. घरातल्या प्रत्येकाला चालता येऊ लागलं की एकच नियम शिकवला जायचा: उजेड आहे तोवर पाऊल टाक.

मी कितीदा विझलो ते आठवत नाही. दर वेळी कुणीतरी जिवंत वर गेलं. विझण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एक मात्र झालं. सदा खाली धरलेला असल्यामुळे मला माणसं गुडघ्यापासून खालीच माहीत. एवाझिओ म्हणजे लाकडी तळव्यांची जड पादत्राणं, पायरीवर टक्-टक् वाजणारी. त्याचा थोरला मुलगा अमेदेओ म्हणजे पॉलिश केलेले चामड्याचे बूट. शहरातल्या वाइनच्या शाळेत शिकायला गेला तेव्हा घेतलेले. धाकटा सेलेस्तिनो म्हणजे चिखलाने भरलेले बूट आणि सुटलेल्या नाड्या. त्या नाड्या त्याने कधी धड बांधल्या नाहीत. त्या पायऱ्यांवर त्याच्या मागून फरफटत यायच्या, आणि त्यांच्या वर कुठेतरी गाणं असायचं. सेलेस्तिनो गाण्याशिवाय खाली उतरत नसे. त्याला प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवंच यायचं. दुसऱ्या कडव्याला तो अडायचा, हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

अमेदेओ शाळेतून परतला तो डोक्यात शंभर गोष्टी घेऊन. त्याने कुजकी पिंपं फोडली, सिमेंटच्या टाक्या बांधल्या, आतून काचेसारख्या गुळगुळीत केल्या. काचेची नळी रसात बुडवून तो त्याचा ताप मोजायचा.

"काय डॉक्टर," सेलेस्तिनो विचारायचा, "रोगी कसा आहे? आज पेज द्यायची का?"

"हस तू. परवा तुझ्या त्या पिंपाचं व्हिनेगर झालं तेव्हा कोण रडत होतं?"

"रडत नव्हतो. कोशिंबिरीला घालायला कांदा चिरत होतो."

भांडायचे, पण एकमेकांवाचून त्यांना करमायचं नाही. अमेदेओ डोकं आणि सेलेस्तिनो हात. मला वाटतं, गार्बारोलोंची वाइन नावारूपाला आली ती त्या दोघांच्या जोडीमुळे. पुढे अमेदेओने तळघराखाली आणखी एक तळघर खणलं. वरच्या टाक्यांतली वाइन पंपाने न घुसळता आपसूक खालच्या पिंपांत उतरावी, असा त्याचा विचार. गावातले लोक म्हणाले, पोरगं नरकापर्यंत खणतंय. पण त्या वर्षीची वाइन प्यायले आणि गप्प बसले.

मग वीज आली. अमेदेओने दोन्ही तळघरांत बल्ब लावले आणि साऱ्या गावाला बोलावलं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. बटण दाबलं तसा कानाकोपरा उजळला. पिंपांवरची बुरशीसुद्धा मोजता आली असती. मी एवाझिओच्या हातात होतो, पेटलेला. त्या लख्ख प्रकाशात मी पेटलेला आहे हे कुणाला दिसतही नव्हतं.

अमेदेओ आदबीने म्हणाला, "बाबा, हा दिवा आता राहू द्या. याच्या धुराचा वास वाइनला लागतो. शाळेत आम्हाला शिकवलंय."

ते खरं होतं. माझ्यावर काजळीचा थर होता, आणि वाइन कशाचाही वास चटकन उचलते.

एवाझिओने बल्बकडे बघितलं. "आणि हा कधी विझतो?"

"विझतच नाही, बाबा! तीच तर खुबी आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवाझिओ आणखी काहीतरी विचारणार होता. साखळीवरचा त्याचा हात हलला, तो मला कळला. पण शिकलेल्या मुलासमोर, अख्ख्या गावासमोर, त्या अंगठाबहाद्दर म्हाताऱ्याला आपला प्रश्न खुळा वाटला असावा. तोही टाळ्या वाजवू लागला. त्यासाठी त्याला मला खाली ठेवावं लागलं.

मला गोठ्यात खिळ्याला अडकवलं. उरलेलं तेल गाईच्या खुरांना लावलं.

गोठ्यात माझं तसं बरं चाललं होतं. खालच्या तळघराचा एक झरोका गोठ्यात उघडायचा, तेवढाच जुना संबंध. सेलेस्तिनोचं गाणं तिथून वर यायचं. त्याचं त्या वसंतात लग्न झालं होतं. बायकोचं नाव ओत्ताव्हिया; नदीपलीकडच्या भातखाचरांच्या गावची, धिप्पाड, तोंडाने फटकळ. ती धार काढायला आली की नवरा मागे-मागे यायचा, आणि ती त्याला झाडायची.

पुढच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपार होती. ओत्ताव्हियाला सहावा महिना होता. सेलेस्तिनो गोठ्यातून तळघराकडे निघाला, तशी ती ओरडली, "उभा राहा! नाड्या बघ तुझ्या! लेकराला बाप पाहिजे, तोंडावर आपटलेला भोपळा नको."

"वाकायला कंटाळा येतो गं."

"तुला कंटाळा, आणि मी काय पिसासारखी हलकी झालेय?" असं म्हणत ती स्वतःच कशीबशी खाली बसली, आणि तिने दोन्ही बुटांच्या नाड्या ओढून ओढून दुहेरी गाठींनी बांधल्या. "आता मेलास तरी सुटायच्या नाहीत," ती म्हणाली.

तो हसत गेला. खिळ्यावरून मला त्याचे बूट जाताना दिसले. पहिल्यांदाच त्यांच्यामागे काही फरफटत नव्हतं.

झरोक्यातून गाणं येऊ लागलं. वरच्या टाक्या तीन दिवस उकळत होत्या, आणि जड हवा खालच्या तळघरात उतरून बसली होती. पण खाली लख्ख उजेड होता. उजेड आहे तोवर पाऊल टाक. लहानपणापासून त्याला तेवढंच शिकवलेलं. तो पायऱ्या उतरत गेला, गाणंही उतरत गेलं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला ते थांबलं.

मला वाटलं, नेहमीसारखा शब्द विसरला. आता हसेल. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

मी वाट बघत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. एवाझिओ धावत गोठ्यात आला, त्याने मला खिळ्यावरून ओढलं, तेल ओतलं. वात ओत्ताव्हियाने पेटवली. खालच्या तळघराचा जिना सरळ आहे. वरच्या पायरीवरून तळ दिसतो. सेलेस्तिनो तळाशी कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा, आणि डोक्यावरचा बल्ब त्याच्यावर स्वच्छ उजेड पाडत होता. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती.

एवाझिओने मला साखळीने खाली सोडलं. चौथ्या पायरीला मी विझलो.

त्याने मला वर ओढलं, पेटवलं, पुन्हा सोडलं. मी जिवाच्या आकांताने जळायचा प्रयत्न केला. जन्मात पहिल्यांदा मला विझायचं नव्हतं. पण मी दिवा आहे, मला खोटं बोलता येत नाही. चौथ्या पायरीलाच विझलो. अमेदेओ खाली झेपावला. बापाने त्याला कमरेला मिठी मारून मागे खेचलं. "सोडा मला! तो दिसतोय! तो बघा, तो दिसतोय!" अमेदेओ ओरडत होता. म्हाताऱ्याने सोडलं नाही. "दिसतोय," तो म्हणाला. "दिसतोय, म्हणूनच जायचं नाही."

शेजाऱ्यांनी झरोका फोडला, धान्य उफणायचा पंखा आणून हवा खाली लोटली. तिसऱ्यांदाही मी विझलो. तासाभराने चौथ्यांदा सोडलं तेव्हा मी तळापर्यंत जळत गेलो आणि त्याच्या बुटांजवळ जाऊन टेकलो. ज्योत ताठ होती. त्या ताठपणाची मला लाज वाटली.

दुहेरी गाठी जशाच्या तशा होत्या.

वर आणल्यावर पाद्रीबाबांनी विचारलं, कसं झालं? अमेदेओने तोंड उघडलं, पण एवाझिओ त्याच्या आधी बोलला. "नाडीत अडकला. किती वेळा सांगितलं होतं त्याला. पडला, डोकं आपटलं, मग तिथली हवा." अंगणातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सेलेस्तिनोच्या नाड्या गावाला ठाऊक होत्या. म्हाताऱ्याने एक मुलगा गमावला होता. दुसरा स्वतःच्या हाताने लावलेल्या उजेडाखाली आयुष्यभर जळावा, हे त्याला सोसवलं नसतं.

ओत्ताव्हिया नवऱ्याच्या पायांशी बसली होती. तिने त्या गाठींवर हात ठेवला आणि झाकून घेतल्या. मग तिने गाठी न सोडता बूट तसेच ओढून काढले आणि पदराखाली धरावं तसे एप्रनमध्ये गुंडाळून घरात नेले.

जानेवारीत मुलगी झाली. देल्फीना.

त्यानंतर मी पुन्हा तळघराच्या दारात आलो. एवाझिओ होता तोवर तो मला घेऊन उतरायचा. तो गेल्यावर अमेदेओ उतरू लागला. त्याने नवं काही करायचं सोडलं नाही. उलट एखादा माणूस पाठीवर आसूड पडल्यासारखा काम करतो, तसा करत राहिला. मोठे पंखे बसवले, भिंतींतून हवेच्या वाटा काढल्या. टाक्या थंड ठेवायची अशी युक्ती काढली, की शिकलेले लोक लांबून बघायला यायचे. पुढे समुद्राकाठची खारट माळरानं घेतली. सगळे म्हणाले, तिथे द्राक्ष होणार नाही. झालं. लग्न मात्र केलं नाही. पुतणीला वाढवलं, शिकवलं.

आणि दर ऑक्टोबरात, सकाळी, हवा मोजायचं यंत्र हातात असतानाही, तो मला पेटवून एकटा खाली उतरायचा. एका पायरीवर थांबायचा. पुढची पायरी. बापासारखं "चल गड्या" तो कधी म्हणाला नाही. चौथ्या पायरीवर मात्र इतका वेळ थांबायचा की माझं तेल संपत यायचं. तिथे त्याचे ओठ हलायचे. दिव्याला काय कळतंय म्हणून मनातलं तोंडावर येत असेल. "नाड्या नव्हत्या," तो पुटपुटायचा. "नाड्या नव्हत्या रे." मला वाटायचं, हे तू वर जाऊन सांग. वर तुझी पुतणी दारात उभी आहे. पण वर गेला की तो तिला म्हणायचा, "हवा चांगली आहे," आणि त्यावर ती कामाला लागायची. चाळीस-पन्नास वर्षं त्याने तिला तेवढंच सांगितलं.

मग तो थकला. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला. देल्फीना कारभार बघू लागली. तिच्या पायात कॅनव्हासचे बूट असत, तेही धुऊन स्वच्छ केलेले, आणि नाड्यांना नेहमी दुहेरी गाठ. समुद्राकाठी तिने पाहुण्यांसाठी वाइन चाखायचं मोठं दालन बांधलं. एक दिवस तिने मला खिळ्यावरून काढलं, एका कारागिराकडे दिलं. त्याने माझी काजळी खरवडली. माझ्या वाटीच्या बुडाला भोक पाडलं. त्यातून तार ओवली. वातीच्या जागी बोटाएवढा बल्ब बसवला आणि मला त्या दालनात मधोमध, उंच भिंतीवर टांगलं.

दालन उघडायच्या दिवशी तिने काकाला आणलं. पाहुणे यायचे होते. दोघंच होते. तिने म्हाताऱ्याला माझ्याखाली खुर्चीवर बसवलं.

"ओळखता का हा कोण ते?"

अमेदेओने मान वर केली. "काढ खाली. हातात दे."

तिने मला आकड्यावरून उतरवलं. तार लांब होती. म्हाताऱ्याने मला साखळीने धरलं आणि सवयीने हात खाली, गुडघ्याच्याही खाली नेला. आणि थांबला. एक पायरी उतरल्यावर थांबावं तसा थांबला. कितीतरी वेळ.

"जळतोय ना?" त्याने विचारलं. त्याला नीट दिसत नव्हतं.

"जळतोय. आता हा कधीच विझणार नाही, काका."

साखळी त्याच्या हातात थरथरू लागली. मला तो हात ठाऊक होता. टाळ्या वाजवायला मला खाली ठेवलं, त्या दिवशीचा एवाझिओचा हात असाच हलला होता. पण हा हात थांबला नाही.

"देल्फीना," तो म्हणाला, "तुझा बाप नाडीत अडकून पडला नव्हता. उजेड बघून खाली गेला. तो उजेड मी लावला होता. मी सगळ्यांना सांगितलं होतं, हा विझत नाही म्हणून. आणि नंतर मी गप्प बसलो."

ती त्याच्यासमोर खाली बसली. तिचे बूट माझ्या अगदी जवळ आले.

"मला माहीत आहे, काका. मी दहा वर्षांची असताना आईने मला त्यांचे बूट दाखवले. दुहेरी गाठ तशीच होती. तिने स्वतः बांधली होती म्हणाली."

"दहा वर्षांची! मग बोलली का नाहीस? ओत्ताव्हियाही कधी... रोज माझ्या ताटात वाढायची ती!"

"आई म्हणायची, त्याला सांगू दे. त्याच्याआधी आपण बोललो तर त्याच्याकडे काय उरेल? मी दर वर्षी दारात उभी राहायचे. तुम्ही वर याल आणि सांगाल म्हणून. तुम्ही म्हणायचात, हवा चांगली आहे."

"तुझी आई माझ्या बोलण्याची वाट बघतच गेली."

"हो."

मग अमेदेओने विचारलं, "मग या बिचाऱ्याला असं का केलंस?"

"आईने सांगितलं होतं, तो त्या दिवशी तीनदा विझला. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की याला पुन्हा विझू द्यायचं नाही." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "चुकलं का?"

त्याने माझ्या बुडावर अंगठा फिरवला. भोक त्याला लागलं. तेल आता राहणार नव्हतं, हे त्याला कळलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं पोरी. सुंदर दिसतोय," तो म्हणाला.

देखणा नको, असं माझ्या पहिल्या धन्याने लोहाराला बजावलं होतं.

त्या हिवाळ्यात अमेदेओ गेला. त्याला टेकडीवर भावाशेजारी ठेवलं. ते मी पाहिलं नाही. मी इथे समुद्राकाठी, भिंतीवर. पाहुणे येतात, पेले हलवतात, हुंगतात, माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात. इतक्या उंचावरून मला त्यांची डोकी दिसतात, आणि डोक्यांवरून मला कुणी ओळखता येत नाही. तिकडे टेकडीवरच्या तळघरात आता यंत्र आहे. हवा बिघडली की शिट्टी वाजवतं. ते चांगलंच आहे. माझ्यापेक्षा आधी ओळखतं म्हणतात. मला त्याचा हेवा नाही.

फक्त एक सांगायचं आहे. मला बघून कुणी खाली पाऊल टाकू नका. मी आता खोटं बोलतो. तळाशी काहीही असलं तरी मी लख्ख जळत राहीन.

आणि देल्फीना, तू ऐकत असशील तर तुझ्याजवळ एक मागणं आहे. टेकडीवरचा लोहार नसेल आता, पण कुणीतरी असेल. माझं बुड बुजवून घे. वाटीत अक्रोडाचं तेल घाल. एखाद्या ऑक्टोबरात, सकाळी, त्या जुन्या जिन्याने मला पुढे घेऊन उतर. चौथ्या पायरीला थांब. ज्योत ताठ राहिली तर तू खाली जा. आणि नाही राहिली, तर रडू नकोस, मागे फिर, दारं उघड.

माझी काळजी करू नकोस, पोरी. मला एकदा विझू दे.